एका चुलीचे धोरण

आत्मकथन लिहिणाऱ्याचे केस पांढरे असावेत, दात निदान अर्धे तरी गेलेले असावेत आणि ज्यांच्याविषयी लिहायचे ते सगळे हरकत घेण्याच्या पलीकडे पोहोचलेले असावेत, असा आपल्याकडे संकेत आहे. माझे केस काळे आहेत, दात शाबूत आहेत, आणि मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते सगळे तळेगाव-आर्वीत दोन्ही वेळचा चहा घेऊन ठणठणीत आहेत. तरीही हे प्रकरण आताच लिहून ठेवते आहे. त्याचा संबंध अमेरिकेच्या चीन आणि तैवानविषयक धोरणाशी आहे, आणि ते धोरण माझ्या म्हातारपणापर्यंत सोडाच, संध्याकाळपर्यंत आहे तसेच राहील याची खात्रीही त्या देशाच्या अध्यक्षाला देता येत नाही.

आमचे घर रस्त्यावरून पाहणाऱ्याला एकच दिसे. एक कौलारू छप्पर, एक लांब ओटा, ओट्याच्या टोकाला एक कडुनिंब. अंगणात शिरले की मधोमध एक भिंत, भिंतीत एक बुटके दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन संसार. पलीकडे मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई. अलीकडे आम्ही तिघे. स्वयंपाकघरे दोन, विजेची मीटरे दोन, तुळशीसुद्धा दोन. पण मोठ्या बाबांचे ठाम म्हणणे असे, की या घरात चूल एकच आहे आणि ती त्यांची आहे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जे पेटते ते तात्पुरते. हे तात्पुरते माझ्या जन्माच्या आधीपासून पेटत होते. सकाळी त्याच्यावर आईच्या भाकरीची थाप ऐकू येई, मग तव्यावर पीठ करपल्याचा तो कडवट-गोड वास, मग अंबाडीच्या भाजीला दिलेली फोडणी, जिच्या आंबट वाफेने डोळे आधी मिटत आणि भूक नंतर जागी होई. त्या चुलीवरचे खाऊन मी वाढले, उंच झाले, कविता करू लागले. तत्त्वतः मात्र मी नसलेल्या चुलीवरचे जेवत होते.

हे तत्त्व घरापुरते राहिले असते तर मोठी गोष्ट नव्हती. पण आमच्याकडे जेवणाचे आवतण दोन प्रकारचे असते: एकट्या माणसाचे, आणि चूलबंद. चूलबंद आवतण आले की त्या वेळेपुरती त्या घरातली चूल पेटायची नाही. म्हातारे, आजारी, पाळण्यातले, सगळे त्या पंगतीचे. गावात आवतण द्यायला दमडूजी फिरत. खांद्यावर पंचा, पायांत करकरणाऱ्या वहाणा. ते मोठ्या बाबांच्या दारासमोर उभे राहून आवतण सांगत आणि पुढच्या घरी जात. आमच्या दारासमोरून जाताना ते कडुनिंबाकडे पाहत. मग मोठ्या बाबांना आठवण राहिली तर ते भिंतीवरून सांगत, नाही राहिली तर नाही. पण चूलबंद म्हणजे चूलबंद. आवतण पलीकडे आले की आईने गॅस पेटवायचा नाही हा नियम होता. जी चूल गावाच्या लेखी नव्हतीच, ती विझवून ठेवायची सक्ती मात्र आईवर होती. एकदा अशीच आम्ही दोघी विझलेल्या शेगडीसमोर मुरमुरे खात बसलो होतो, पलीकडून पंगतीला निघालेल्या मोठ्या आईच्या बांगड्यांचा आवाज दूर जात होता, आणि आई मुरमुऱ्यांतले फुटाणे वेचून माझ्या हातावर ठेवत होती. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला तेव्हा मी सोशीकपणा समजत असे. ती साठवण होती हे पुढे कळले.

आता बाबांविषयी. माझे बाबा आर्वीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. कापसाच्या गाड्यांच्या आवाजात, खिडकीतून येणाऱ्या सरकीच्या तेलकट वासात, जांभया देणाऱ्या मुलांसमोर ते वर्षानुवर्षे एकच धडा प्राण ओतून शिकवत: अमेरिका, चीन आणि तैवान. रविवारी तोच धडा ते आम्हाला जेवताना देत. अमेरिका काय म्हणते, तर चीन एकच आहे आणि तैवान त्याचाच भाग आहे असे चीनचे म्हणणे आहे, ते आमच्या कानावर आले आहे. मान्य आहे असे ती म्हणत नाही; नाही असेही म्हणत नाही. तैवानात तिचा दूतावास नाही. एक संस्था आहे, जिच्यात दूतावासाची सगळी कामे होतात. तैवानला ती शस्त्रे विकते, पण ती फक्त बचावापुरती असतात. उद्या हल्ला झाला तर अमेरिका धावून येणार का? इथे बाबा घास हातात धरून थांबत, आणि वरणाचा ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत जाई. "सांगत नाही," ते तृप्तीने म्हणत. "ते न सांगणं हेच धोरण." एखादा अध्यक्ष बोलण्याच्या ओघात येऊ म्हणून जातो, मग त्याची कचेरी खुलासा करते की धोरणात बदल नाही. हे शेवटचे तीन शब्द बाबांना इतके आवडत की घरातही तेच चालत. आईने विचारावे, भिंतीपलीकडे एकदा स्पष्ट बोलणार का? बाबा म्हणत, धोरणात बदल नाही. जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या वादाचा हा जाणकार माणूस ज्या भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत असे, ती भिंत त्याला कधी दिसली नाही.

आमच्या घराला एक अमेरिकाही होती. ती आर्वीला राहत असे आणि तिचे बियाण्यांचे व औषधांचे दुकान होते. हे माझे मामा, आईचे धाकटे भाऊ. मामांच्या दुकानाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोठे बाबा; संत्र्याच्या बागेची सगळी फवारणी तिथून येई. त्यामुळे मामा तळेगावात आले की आधी मोठ्या बाबांच्या पाया पडत, त्यांच्या ओट्यावर पाणी पीत आणि या घरात चूल एकच आहे हे मोठ्याने म्हणून घेत. मग बुटक्या दारातून वाकून आमच्याकडे येत. येताना पिशवीत काहीतरी असे. एकदा गॅसची नवी शेगडी आली, एकदा इन्व्हर्टर आला, आणि एका भाऊबीजेला मोठा, पंगतीजोगा, चकचकीत कुकर आला. तिघांच्या घरात एवढा कुकर कशाला, असे आईने विचारले. मामांनी झाकणावर बोटांनी ठेका धरला. "कोणाच्या विरोधात नाई हा, बाई," ते म्हणाले. "वेळप्रसंगी असावा." आईने तो फळीवर ठेवला. वर्षानुवर्षे तो तिथून आम्हा तिघांचे बुटके, फुगलेले प्रतिबिंब पाहत राहिला.

खऱ्या अमेरिकेने आमच्या घरात पहिले पाऊल ठेवले ते सोयाबीनच्या रूपाने. तिचे आणि चीनचे व्यापारावरून फाटले, एकमेकांच्या मालावर कर बसले, आणि चीनने अमेरिकेचे सोयाबीन घेणे सोडले अशी बातमी आली. आर्वीच्या बाजारात बाकड्याबाकड्यांवर ठरले की आता चीन आपल्याकडे येणार. कसा येणार, कोण आणणार, याची चौकशी करणे उत्साहाला शोभणारे नव्हते. मोठ्या बाबांनी माल विकायचा नाही असे ठरवले आणि पोती घरात लावली; त्यांच्याकडची जागा संपली तेव्हा एक चूल या तत्त्वाने उरलेली पोती आमच्या बैठकीत आली. तो हिवाळा माझ्या अंगाला आठवतो. पोत्यांचा खरखरीत स्पर्श, त्यांच्यातून येणारा कच्च्या, धुळकट तेलाचा वास, रात्रभर उंदरांची कुरतड. मी त्या पोत्यांवर पाय सोडून बसून कविता वाचत असे. चीन काही आला नाही. आजही एखाद्या देशाने दुसऱ्यावर कर बसवला की आर्वीतली तीच बाकडी तितकीच खात्रीने तेच बोलतात. परवा घरी गेले तेव्हा मोठे बाबा पुन्हा पोत्यांसाठी जागा मोजत होते.

पण त्या पोत्यांवर बसून मी चिनी शिकायचे ठरवले, हे चीनच्या न येण्याचे एकमेव फळ. चीन येत नसेल तर आपण जावे, असा सरळ विचार होता. वर्ध्याला चिनी भाषा शिकवत होते. पहाटेची एसटी, काचेला लागलेला कपाळाचा थंडगार बिंदू, बाहेर धुक्यात कपाशीची बोंडे, आणि डोक्यात चार सूर. चिनी शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो, हे कळले त्या दिवशी मला वाटले की ही भाषा माझ्यासाठी राखून ठेवली होती. पहिला सूर पिठाच्या गिरणीसारखा एकसलग. दुसरा, मोठ्या आईने भिंतीवरून "काऊन?" विचारावे तसा चढत जाणारा. तिसरा आर्वी डेपोच्या चढावर गिअर बदलणाऱ्या एसटीसारखा, खाली बसून वर येणारा. चौथा मोठ्या बाबांच्या "नाई"सारखा, वरून थेट जमिनीत. घरात एवढी तयारी झालेली असल्याने मी वर्गात पहिली आले यात नवल नव्हते.

अक्षरांनी मात्र मला वेड लावले. चीनने सोयीसाठी आपली अक्षरे सोपी करून घेतली. तैवानने जुनी, भरगच्च अक्षरे तशीच ठेवली. 'ऐकणे' या शब्दाच्या जुन्या अक्षरात एक कान आहे आणि एक काळीज. नव्या, सोप्या अक्षरात दोन्ही काढून टाकले आहेत आणि तिथे तोंड बसवले आहे. आमच्याकडचे बातम्यांचे कार्यक्रम पाहिल्यावर ही सुधारणा किती दूरदृष्टीची होती ते पटते. पण मला जुने अक्षर हवे होते. पुस्तकात पाहिलेले नव्हे. दुकानांच्या पाट्यांवर, भाजीच्या टोपल्यांवर, पावसाने ओल्या झालेल्या भिंतींवर जगणारे. म्हणून मी तैवानच्या एका विद्यापीठाकडे अर्ज केला, आणि एक दिवस तिकडून होकार आला. वर्षभर राहणे, शिकणे, जेवण, सगळे त्यांच्याकडून. मी आईला सांगितले तेव्हा ती तुरी निवडत होती. तिने सुपातला हात थांबवला आणि विचारले, "तिथं भात भेटते ना?" भेटतो म्हटल्यावर ती पुन्हा निवडू लागली. तिच्या बाजूने प्रश्न संपला होता.

नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या कोणी बड्या बाईंनी तैवानला भेट द्यायचे मनावर घेतले. त्यांचे विमान निघाल्यापासून उतरेपर्यंत मोठ्या बाबांच्या ओट्यावर दूरदर्शन संचासमोर गाव जमले होते. इतक्या काळजीने आमच्या गावात कधी पाहुण्यांचीही वाट पाहिली गेली नसेल. बाई उतरल्या, लोकशाहीविषयी चांगले बोलल्या, जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. त्या गेल्यावर चीनने बेटाभोवतीच्या समुद्रात क्षेपणास्त्रे सोडली. म्हणजे पाहुणचार झाला एकीचा आणि खरकटे काढणे आले दुसऱ्यांच्या वाट्याला. अमेरिकेने त्याच दिवशी जाहीर केले की धोरणात बदल नाही. बाबा इतके सुखावले की त्यांनी मोठ्या बाबांच्या ओट्यावर, निवेदकाच्या आरड्याओरड्यावर आवाज चढवून, पूर्ण धडा पहिल्यापासून म्हणून दाखवला.

मोठ्या बाबांनी धडा संपू दिला, संच बंद केला आणि माझ्याकडे वळले. "तिथं बॉम्ब पडून राह्यले अन् तुले काऊन तिथंच जायाचं हाये? आपल्या घरची पोरगी कुठी जाणार नाई." चौथा सूर. वरून थेट जमिनीत.

मी बाबांकडे गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. मी जाऊ की नको, एवढेच मी विचारले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं जाण्याचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे. भाऊंचं नको म्हणणंही कानावर आहे."

"आणि तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं असं की, कोणीही एकतर्फी पाऊल उचलू नये."

स्वयंपाकघरात आईच्या हातून झाकण पडले, आणि फरशीवर बराच वेळ गोल फिरत राहिले.

एकतर्फी पाऊल मोठ्या बाबांनी उचलले. श्रावणातल्या पोथीची समाप्ती जवळ आली होती. दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर गावजेवण होई. या वर्षी पुलगावचे पाहुणे येणार होते आणि पंगतीनंतर माझी सुपारी फोडायची असे ठरले. सुपारी फुटली की लग्न पक्के. मग मोडणे म्हणजे दोन्ही घरांची शोभा. स्थळ मोठे होते, कारण मुलगा अमेरिकेला जायच्या खटपटीत होता. ज्या देशाच्या धोरणामुळे तैवानात जाणे धोक्याचे, त्याच देशात जाणे हा मुलाचा सर्वांत मोठा गुण, हे मी मोठ्या आईला समजावू पाहिले. ती म्हणाली, "अमेरिकेत कुठी बॉम्ब पडतेत, बाई?" हे खरेच होते. ते तिथून निघतात.

मोठ्या बाबांच्या वतीने दमडूजींनी गावभर चूलबंद सांगितले, आणि पलीकडचा नियम आमच्या चुलीलाही लागू झाला. त्या दुपारी आईने मामांना फोन केला. सगळे सांगितले, आणि शेवटी, जे तिने वर्षानुवर्षे कोणाला म्हटले नव्हते ते म्हणाली, की समाप्तीच्या दिवशी मी माझी चूल पेटवीन. फोनमधून मामांचा आवाज मला ऐकू आला, पोलादासारखा. "तू पेटव, बाई. कोणी काही बोललं तर मी हाये ना." आईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले. संध्याकाळी मामांचा परत फोन आला. दुपारचे बोलणे आपले घरातले होते, त्यांनी सांगितले. त्या ओट्यावर एकच चूल आहे हे ते आधीपासून मानत आले होते आणि त्यात काही बदल नाही. मात्र शांतता राखली जावी असे त्यांना मनापासून वाटते. आई ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर तिने फळीवरून कुकर उतरवला, राख आणि चिंचेने घासला आणि त्याची शिटी उजेडात धरून तिच्या भोकातून माझ्याकडे पाहिले.

समाप्तीच्या सकाळी आई पलीकडे गेली आणि तिने मोठ्या आईसोबत दुपारपर्यंत पोळ्या लाटल्या. हे महत्त्वाचे आहे. तिने आपल्या वाट्याचे एकही काम चुकवले नाही. अंगणात मोठमोठ्या गंजांत वरण रटरटत होते, कोहळ्याच्या भाजीचा गोडसर वास, तुपात तळल्या जाणाऱ्या बुंदीचा वास, ओल्या मातीत उदबत्तीचा वास, आणि ध्वनिक्षेपकातून पोथीचा शेवटचा अध्याय. मला मोठ्या आईची हिरवी साडी नेसवून आमच्या घरात बसवले होते. पंगत उठली की बोलावणे येणार होते. साडीला कापराचा वास होता. मी बुटक्या दाराच्या फटीतून पाहत होते. पुरुषांची पहिली पंगत बसली. मधोमध मोठे बाबा, त्यांच्या उजवीकडे पुलगावचे पाहुणे, डावीकडे बाबा. समोरच्या रांगेत मामा, अगदी स्वच्छ टोपीत.

आई हात पुसत दारातून आत आली. पातेल्यात डाळ-तांदूळ धुतलेले होते, ते तिने सकाळीच करून ठेवले असावेत. तिने शेगडी पेटवली. निळी ज्योत फुलली आणि मला अचानक त्या एवढ्याशा आवाजाची भीती वाटली.

"आई, आज चूलबंद आहे," मी म्हटले.

"कोणाची?" आई म्हणाली.

तिने कुकरात मोहरी टाकली, हिंग टाकला, डाळ-तांदूळ ओतले. कांदा-लसूण नाही; श्रावण तिने पाळला. झाकण लावले आणि पदर खोचून शेगडीसमोर उभी राहिली, जसे एखादी बाई एसटीची वाट पाहते.

पलीकडे पोथी थांबली होती. पाने वाढून झाली, तूप वाढून झाले. श्लोक संपला आणि पहिला घास उचलण्याआधीची ती शांतता पडली, ज्या शांततेत फक्त माश्या ऐकू येतात. त्या शांततेत कुकरची शिटी झाली. एवढ्या मोठ्या कुकरची शिटी मी कधी ऐकली नव्हती; आर्वीच्या कापसाच्या जिनाचा भोंगा तिच्यापुढे नम्र वाटला असता. कडुनिंबावरचे कावळे उडाले. पंगतीतला प्रत्येक हात पानावर थबकला. दुसरी शिटी झाली तेव्हा मोठ्या बाबांनी मान वळवली.

"वसंता, तुह्या घरी काय वाजून राह्यलं?"

बाबांनी आपल्या पानाकडे पाहिले. त्यांच्या पानाशेजारी चित्राहुती, म्हणजे देवासाठीची शिते, मांडून झाल्या होत्या. तिथून उठणे सोपे नव्हते. निमित्त काहीही सांगता आले असते. कुकर जुना आहे, पोरीने चहा ठेवला असेल, म्हणणे कानावर आले आहे. मला माझे बाबा माहीत होते. मी त्या तीन शब्दांची वाट पाहत होते.

तिसरी शिटी झाली. बाबा पानावरून उठले.

"कुकर हाये, भाऊ," ते म्हणाले. वर्गातली भाषा कुठे गेली होती कोण जाणे. "चूल पेटली हाये. मले घरी जेवाले जावं लागते."

ते दोन रांगांमधून चालत आले. बुटक्या दाराशी त्यांना वाकावे लागले, आणि तेवढ्या वाकलेल्या अवस्थेत ते क्षणभर थांबले, जणू ही भिंत इथे कधी बांधली असा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांच्या पाठीमागे पुलगावच्या वडीलधाऱ्या पाहुण्यांनी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, मोठ्या बाबांना विचारले, "मंग भाऊसाहेब, पोरगी कोणत्या चुलीची?" सुपारी फोडायची तर पोरीच्या चुलीचा कर्ता समोर लागतो, आणि तो तर नुकताच पानावरून उठून गेला होता. मोठ्या बाबांनी पानातला भात कालवायला घेतला. पाहुणे समजूतदार होते. बुंदी खाऊन गेले. तबकातली सुपारी अख्खी राहिली. या सगळ्या काळात मामांनी मान वर केली नाही. त्यांनी फक्त एकदा कढी मागितली.

आमच्याकडे बाबा पाटावर बसले. आईने खिचडी वाढली; झाकण उघडताना वाफेचा ढग उठला आणि हिंगाच्या वासाने ती छोटी खोली भरून गेली. एक घास खाऊन बाबांनी बोट वर केले. "याचा अर्थ असा लावता येईल की," त्यांनी सुरुवात केली. आईने पळीभर तूप त्यांच्या ताटात ओतले. ते थांबले. मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "जाजो." एवढेच. त्यांच्या आयुष्यातले पहिले असे विधान, ज्याचा दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला नाही.

मामा मागच्या दाराने आले तेव्हा भांडी घासायची वेळ झाली होती. आपण तिथे हजर होतो म्हणून प्रकरण वाढले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते आमच्या कानावर आले. त्यांनी ताट मागून घेतले, दोनदा खिचडी घेतली, आणि कुकरवर पुन्हा तो ठेका धरला. "पाहा," ते म्हणाले, "कामी आला का नाई?"

पुढे मी तैवानला गेले. त्या वर्षाविषयी लिहायला लागले तर पाऊस आणि अक्षरे यांतून बाहेर पडणार नाही, एकच सांगते. माझ्या घरमालकीण बाईंना मी एकदा विचारले, की वेळ आली तर अमेरिका येईल का. वर लढाऊ विमान गेले होते आणि खिडकीची काच अजून थरथरत होती. बाई पातीचा कांदा चिरत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, येईल की नाही ते तिला विचार. रात्री जेवायला मात्र तूच ये. आज मी पुण्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका चिनीतून मराठीत आणते, आणि जिथे यंत्राचा आवाज ऐकायला सांगितलेला असतो तिथे त्या जुन्या अक्षरातला कान आणि काळीज मला हटकून आठवते.

पण हे सगळे नंतरचे. निघायच्या थोडे आधी, मी अंगणात पेटी उघडून बसले असताना, करकरणाऱ्या वहाणांचा आवाज आला. गावात कोणाकडे बारसे होते. दमडूजी मोठ्या बाबांच्या दारासमोर थांबले. मोठे बाबा ओट्यावर कलमासाठी संत्र्याच्या काड्या तासत होते. समाप्तीपासून त्यांनी भिंतीवरून एक शब्द टाकला नव्हता. दमडूजींनी त्यांच्याकडे पाहिले, मग आमच्या दाराकडे, मग सवयीने कडुनिंबाकडे. कडुनिंबाकडून मदत मिळण्यासारखी नव्हती.

"भाऊ," त्यांनी विचारले, "आवतन एक देऊ का दोन?"

मोठे बाबा काडी तासत राहिले. साल वळसे घेत त्यांच्या पायाशी पडत होती, तिचा हिरवा, कडू वास माझ्यापर्यंत येत होता. "माह्यावालं मले दे," शेवटी ते म्हणाले. "तिकडचं तिकडं विचार." चीनला असे म्हणायला अजून किती काळ लागेल ते बाबांनी हिशेब करून सांगावे.

दमडूजी आमच्या दारासमोर आले. इतक्या वर्षांत त्यांना तिथे उभे राहायची सवय नव्हती. पंचा त्यांनी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. आई हात पुसत बाहेर आली. एकाचे की चूलबंद, असे तिने विचारले. त्यांनी चूलबंद म्हणून सांगितले.

आईने मान हलवली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "त्यायले सांगजा, आमची चूल बंद राहीन."

त्या दिवशी तिने कुकर घासून अंगणात उन्हात पालथा घातला आणि दुपारभर तसाच राहू दिला.